५० रुपयांची ओळ: मुलांना शाळेत सोडणारी ताई आणि गाडीचा विमा

(प्रकरण अभ्यास. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. कायद्याचे आणि पॉलिसीचे संदर्भ त्या काळी लागू असलेले आहेत.)

पार्श्वभूमी

रत्नागिरीतलं एक दांपत्य. मॅडम दंतवैद्य, दवाखाना घराजवळच. त्यांचे यजमान चिपळूणला नोकरीला, सोमवारी गेले की शुक्रवारी रात्री परत. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. आजी घरात आहेत, पण गुडघ्यांमुळे जिना उतरणंही त्यांना जड जातं. मुलांना सांभाळायला पावसच्या बाजूच्या एका वाडीतून एक ताई यायच्या. सकाळी स्कूटरवरून भाट्ये पूल ओलांडून ८ वाजता हजर, संध्याकाळी ६ ला परत. पगार महिना १२,००० रुपये, रोख.

घरात दोन गाड्या. त्यातली जुनी, २०१७ ची, १२०० सीसीच्या आतली हॅचबॅक यजमानांच्या नावावर होती आणि बहुतेक वेळ दारात उभी असायची. मी विम्याचं काम करतो, आणि तिचा विमा सहा वर्षं माझ्याकडेच. पॅकेज पॉलिसी (स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि थर्ड पार्टी, दोन्ही धरणारी), एकही क्लेम नाही, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर पोचलेला.

२०२२ च्या उन्हाळ्यात मॅडमचा फोन आला. "आमच्या ताई गाडी शिकल्यात. जूनपासून मुलांना शाळेत त्याच सोडतील. विम्याला चालेल ना?"

पहिला निर्णय: कोणाची गाडी, कोणतं लायसन्स

त्या वेळी आम्ही तीन गोष्टींवर बोललो. एक, ताईंच्या नवऱ्याची जुनी ओमनी होती. मॅडमचं म्हणणं, तीच वापरू दे, पेट्रोलचे आणि वर थोडे पैसे आपण देऊ. मी नको म्हटलं. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते. भाडं किंवा मोबदला घेऊन केलेली वाहतूक त्यात बसत नाही. दुसऱ्याची मुलं न्यायची, त्याचे दरमहा पैसे घ्यायचे आणि गाडीला नंबरप्लेट पांढरी! अपघात झाला तर उत्तर देण्याची वेळ ताईंच्या नवऱ्यावर येणार, मॅडमवर नाही. पगारी माणसाला स्वतःची गाडी कामाला लावायला सांगणं म्हणजे आपली जोखीम त्याच्या दारात नेऊन ठेवणं, असं माझं तेव्हाही मत होतं.

दोन, ताईंची स्कूटर. पाच वर्षांच्या मुलाला पावसात स्कूटरवर न्यायचं, हा विषय मॅडमनीच मिटवला.

तीन, घरची गाडी. इथे पॉलिसी सरळ आहे. मालकाच्या परवानगीने कोणीही चालवू शकतो, फक्त त्याच्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचं चालू लायसन्स हवं. ताईंकडे स्कूटरचं लायसन्स होतं, गाडीचं मात्र तेव्हा शिकाऊच होतं. मॅडम म्हणाल्या, "एल लावून चालवतील की." शिकाऊ लायसन्सवर शेजारी लायसन्सधारक शिकवणारा बसलेला लागतो, मागे दोन मुलं बसवून चालत नाही. त्या पक्कं लायसन्स येईपर्यंत थांबल्या. टेस्ट झाली, कार्डावर एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) आलं, मी त्याची झेरॉक्स माझ्या फाइलला लावली. पुढे हा एक कागद फार उपयोगी पडला.

लायसन्स पाहिलं, गाडी पाहिली आणि मी निश्चिंत झालो. ताई काय म्हणून गाडी चालवणार आहेत, हा प्रश्न मी विचारलाच नाही. मे २०२३ चं नूतनीकरण फोनवर तीन मिनिटांत झालं. "तेच ना?" "हो, तेच." त्या फॉर्ममध्ये एक ओळ असते, जास्तीच्या हप्त्याची, माणशी ५० रुपये. ती मी दरवर्षीप्रमाणे रिकामी सोडली.

काय घडलं

ऑगस्ट २०२३ ची अखेर, दुपारी शाळा सुटल्यावरची वेळ. नाचणे भागातला आतला उताराचा रस्ता, पावसाची मोठी सर नुकतीच येऊन गेलेली. कडेच्या घरांसमोर जांभा दगड बसवलेला, त्यावर दोन महिन्यांचं शेवाळ. वळणावर गाय आडवी आली. ताईंनी ब्रेक दाबला, पुढचं डावं चाक शेवाळावर गेलं आणि गाडी घसरत जाऊन एका घराच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) आदळली. गडग्याला लावलेली एक स्कूटर आडवी झाली.

गाडीत चार मुलं होती. दोन घरची, दोन शेजारच्या बंगल्यातली. शेजारचा सात वर्षांचा मुलगा पुढच्या दोन सीटच्या मधे उभा होता. त्याचं मनगट मोडलं. मॅडमच्या मुलीच्या कपाळावर चार टाके पडले. इतर दोघांना खरचटलं. ताईंचं गळ्याजवळचं हाड मोडलं, कॉलरबोन. हॉस्पिटलमध्ये मी पोचलो तेव्हा हात झोळीत बांधलेला, आणि पहिला प्रश्न, "भाऊ, पोरांना काय जास्त नाय ना?"

अडचण

गाडीचं नुकसान हा यातला सोपा भाग. अवघड गोष्टी तीन होत्या, आणि त्यातल्या दोन मला अपघातानंतर कळल्या.

शेजारची मुलं जूनपासून रोज याच गाडीतून जात होती. शेजारीण त्याबद्दल ताईंना दरमहा ८०० रुपये देत होती. मॅडमना मुलं जातात हे माहीत होतं, पैशांचं माहीत नव्हतं. ताईंच्या मनात त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. शेजारणीने "पेट्रोलला आणि तुमच्या चहाला" म्हणून दिलेले, त्यांनी घेतले. पण गाडीत पेट्रोल मॅडमच भरायच्या. म्हणजे पॉलिसीच्या भाषेत प्रवाशासाठी मोबदला घेतला गेला होता, आणि तोही ज्याची गाडी त्याने नव्हे.

दुसरी, ताई स्वतः. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा बहुतेक पॉलिसींत दिसतो आणि लोकांना वाटतं, गाडी चालवणाऱ्याचा विमा झाला. तो फक्त गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचा. (यजमानांच्या नावावरची गाडी मॅडम चालवत असत्या तरी हा विमा मॅडमना मिळाला नसता. हे सांगितलं की नवरा-बायको दोघंही माझ्याकडे संशयाने बघतात.) शिवाय तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. मोडलेलं हाड आणि दोन महिन्यांचा बुडालेला पगार त्यात येतच नाही.

तिसरी, ताई ड्रायव्हर की मुलं सांभाळणाऱ्या? यावर पुढचं बरंच काही अवलंबून होतं.

कोणते पर्याय होते

गॅरेजवाल्याने पहिल्याच दिवशी एक पर्याय सुचवला. "क्लेममध्ये साहेबांचं नाव टाका ड्रायव्हर म्हणून, कटकट मिटेल." असं सुचवणारा प्रत्येक गावात एक असतो. पोलिसांकडच्या जबाबात ताईंचं नाव होतं, यजमान त्या दिवशी चिपळूणच्या ऑफिसात होते, आणि सगळ्यात विशेष म्हणजे या खोट्याने काहीच मिळणार नव्हतं. ताईंकडे चालू लायसन्स होतं, त्यामुळे त्यांनी गाडी चालवली म्हणून क्लेम नाकारला जाणारच नव्हता. खोटं नाव घातलं असतं तर चांगला क्लेम वाईट झाला असता.

दुसरा पर्याय, क्लेमच करायचा नाही. यजमानांचा कल तिकडे होता. पन्नास टक्के बोनस जाईल, शेजारणीचे पैसे उघड्यावर येतील, त्यापेक्षा खिशातून भरू. मी कागदावर हिशोब मांडला. गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनसशिवाय साधारण ६,००० रुपये होता. क्लेम केला तर पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि पुन्हा ५०. दरवर्षीचा फरक बेरजेला धरला तर पाच वर्षांत मिळून सव्वापट हप्ता, म्हणजे ७,५०० च्या आसपास जास्त जाणार. गॅरेजचा अंदाज ६०,००० चा होता. गाडी पाच वर्षांपुढची, त्यामुळे लोखंडी भागांवर ४० टक्के घसारा, प्लास्टिकवर ५० टक्के. १८,००० चे पत्र्याचे भाग १०,८०० वर येणार, १४,००० चं प्लास्टिक ७,००० वर. काच ६,००० ची, तिला घसारा नाही. मजुरी १२,००० पूर्ण. रंगकाम १०,०००, त्यात पाव भाग रंगाचा धरून त्याचा निम्मा कापला जातो, राहिले ८,७५०. बेरीज ४४,५५०, त्यातून सक्तीची वजावट १,०००. म्हणजे ४३,५५० मिळण्यासारखे. हे आकडे पाहिल्यावर यजमान गप्प झाले.

तिसरा पर्याय मॅडमनी विचारला, आणि खरा निर्णयाचा क्षण तो होता. क्लेम करू, पण ८०० रुपयांचं न सांगता. कोण विचारणार? मी म्हटलं, गाडीत दुसऱ्याची मुलं होती हे पोलिसांच्या कागदात आहे, कंपनीचा माणूस शेजारणीकडे जाणारच. तिने एक सांगितलं आणि तुम्ही दुसरं, तर मोबदल्याचा मुद्दा राहील बाजूला आणि खोटी माहिती दिल्याचा मुद्दा उभा राहील. मोबदल्याच्या मुद्द्यावर भांडायला जागा आहे, खोट्याच्या मुद्द्यावर नाही. मॅडमना हे पटायला एक रात्र लागली. शेजारणीशी त्यांचं बोलणंही त्या रात्री झालं असावं. मी विचारलं नाही.

काय केलं

कंपनीला दुसऱ्या दिवशी सकाळीच कळवलं. सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) आला, त्याने आधी लायसन्स मागितलं आणि आधी म्हटलेली झेरॉक्स कामी आली. निवेदनात सगळं लिहिलं, कोण चालवत होतं, चार मुलं कोणाची, शेजारीण जूनपासून दरमहा किती देत होती, ते कोणाला मिळत होते आणि पेट्रोल कोण भरत होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. गाडी मोबदल्यासाठी वापरली, वापराच्या मर्यादेचा भंग झाला, दावा का फेटाळू नये याचा खुलासा करा. यजमानांचा चेहरा "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असाच होता. उत्तर मी लिहून दिलं. त्यात दोन गोष्टींवर भर होता. पैसे मालकाला मिळाले नव्हते आणि त्याला त्याची माहितीही नव्हती. दुसरी, मोबदल्याचा आणि गाय आडवी येण्याचा काही संबंध नव्हता. सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या अमलेंदु साहू निकालाचा आधार दिला. त्यात खासगी गाडी भाड्याने वापरल्याचं कारण देऊन कंपनीने दावा फेटाळला होता. न्यायालयाने तो पूर्ण फेटाळणं मान्य केलं नाही आणि काही रक्कम देण्याचा आदेश दिला. वापराच्या मर्यादेचा भंग झाला तर मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्यायची पद्धत त्या निकालात उद्धृत केलेली आहे. विम्याच्या धंद्यात याला नॉन-स्टँडर्ड म्हणतात.

शेजारच्या मुलाचा खर्च २२,००० झाला. पॅकेज पॉलिसीत खासगी गाडीत बसलेल्या माणसांबद्दलची मालकाची जबाबदारी येते. विमा नियामकाने २००९ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या बालकृष्णन निकालाने पक्कं झालं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असती तर हेही नव्हतं, आणि जुन्या गाडीला "थर्ड पार्टी पुरे" म्हणणाऱ्या सगळ्यांना मी हे एकदा तरी ऐकवतो. पण ही भरपाई कंपनीच्या खिडकीवर मिळत नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, आणि २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार ६ महिन्यांच्या आत. शेजारी-शेजारी कोर्टात जायची कोणाचीच तयारी नव्हती. मॅडमनी १५,००० दिले, उरलेले शेजारणीने घेतले नाहीत. गडगा यजमानांनी गवंडी लावून बांधून दिला, स्कूटरचा आरसा आणि हँडल भरून दिलं.

आता ताई. हॉस्पिटलचं बिल १८,०००, दोन महिने काम बंद. यजमानांचं पहिलं म्हणणं, एक महिन्याचा पगार देऊ, पुढचं बघू. तेव्हा मी कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ त्यांच्यासमोर ठेवला. कामावर असताना दुखापत होऊन तात्पुरतं काम बंद पडलं तर दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, असं तो तेव्हा सांगत होता. ताईंच्या बाबतीत महिन्याला ६,००० आणि वर १८,०००. मोटारीच्या कामासाठी नेमलेला ड्रायव्हर त्या कायद्यात येत होता. मुलं सांभाळायला ठेवलेली बाई, जिच्या कामात रोज दोन तास गाडी चालवणंही होतं, ती येते का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. मॅडम म्हणाल्या, "वकिलांना राहू दे. माझी मुलं त्या हातात होती." त्यांनी दोन्ही महिन्यांचा पूर्ण पगार आणि हॉस्पिटलचं बिल दिलं. एकूण ४२,०००.

मी त्या रात्री फाइल काढून पॉलिसीच्या वाढीव कलमांचा कागद नीट वाचला. माझ्या डोक्यात होतं आयएमटी २८ (इंडिया मोटर टॅरिफमधलं २८ वं कलम), पगारी ड्रायव्हरबद्दलची मालकाची कायदेशीर जबाबदारी, माणशी ५० रुपये. ते घ्यायला हवं होतं असं मी स्वतःला दूषण देत होतो. पण त्याच्याच खाली आयएमटी २९ आहे. पगारी ड्रायव्हर सोडून मालकाचे इतर कर्मचारी, जे मालकाच्या गाडीतून जात असतील किंवा ती चालवत असतील, त्यांच्याबद्दलची जबाबदारी. हप्ता तोच, माणशी ५० रुपये. मुलं सांभाळणारी ताई शब्दशः या ओळीत बसते. इतकी वर्षं हा कागद मी ग्राहकांना पॉलिसीसोबत देत होतो, आणि २९ व्या कलमाची गरज कंपन्यांच्या गाड्यांनाच असते असं धरून चाललो होतो.

निकाल

डिसेंबरमध्ये कंपनीने ७५ टक्क्यांवर दावा मंजूर केला. ४३,५५० ऐवजी ३२,६६२ रुपये आले, म्हणजे १०,८८८ कमी. शेजारणीने तीन महिन्यांत दिलेले होते २,४००. यजमानांनी ही वजाबाकी माझ्यासमोर केली, ताईंसमोर केली नाही, याचं मला बरं वाटलं.

ताई नोव्हेंबरमध्ये कामावर परत आल्या. गाडी चालवायला जानेवारी उजाडला. उतारावर अजून त्या पहिल्या गिअरमध्येच असतात असं मुलगी सांगते. शेजारची मुलं आता शाळेच्या व्हॅनने जातात.

काय वेगळं करता आलं असतं

मॅडमच्या बाजूने पाहिलं तर एक प्रश्न जूनमध्येच विचारायला हवा होता, गाडीत अजून कोण बसतं आणि त्याचे कोणी काही देतं का? शेजाऱ्याचं मूल नेणं यात पॉलिसीला काही गैर नाही. उपकार म्हणून न्या, आंब्याच्या दिवसांत पेटी आली तर घ्या. महिन्याची ठरलेली रक्कम आली की मात्र अर्थ बदलतो, मग ती कितीही छोटी असो. आणि मूल पट्टा लावूनच बसेल ही अट ताईंना मालकाने घालून द्यायला हवी होती. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना नेलं तर १,००० रुपये दंड आहे, पण ताईंनी शेजारणीच्या मुलाला दटावायचं कोणाच्या जोरावर?

माझ्या बाजूने, २०२२ च्या त्या फोनवर मी गाडीबद्दल सात प्रश्न विचारले, ताईंबद्दल एकच, लायसन्सचा. पगार किती, कसा देता, कामाचे तास कोणते, हे विचारलं असतं तर ५० रुपयांची ओळ आपोआप भरली गेली असती. अर्थात ती भरली असती तरी पैसे लगेच हातात पडले असते असं नाही. ते कलम मालकाची कायदेशीर जबाबदारी उचलतं, म्हणजे आधी ती जबाबदारी सिद्ध व्हावी लागते, आणि रोख पगाराची कुठे नोंदच नव्हती. आयएमटी २८ मध्ये तर ड्रायव्हरचं नाव आणि पगाराची नोंद मालकाने ठेवावी असं लिहिलेलंच आहे. म्हणून ताईंसाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी, जिच्यात हाड मोडणं आणि बुडालेले दिवसही येतात, तिचा विचार आधी व्हायला हवा होता. ही मालकाच्या जबाबदारीवर टांगलेली नसते, ताईंच्या नावावर असते.

मे २०२४ चं नूतनीकरण मी घरी जाऊन केलं. आयएमटी २९ घातलं, गाडीतल्या अनामिक प्रवाशांसाठी अपघात विमा घातला, ताईंची वेगळी पॉलिसी काढली. बोनस शून्य होता, तरी यजमान काही बोलले नाहीत. मॅडमनी एक शंभरपानी वही आणली होती. पहिल्या पानावर तारीख, पगार, सही. ताईंनी सही केली आणि वही मिटता मिटता विचारलं, "भाऊ, माझ्या स्कूटरच्या विम्याचं जरा बघा की. मला वाटतं संपलाय."

मी मोबाइलवर नंबर टाकून पाहिलं. मार्चमध्येच संपला होता. भाट्ये पुलावरून त्या दोन महिने तशाच येत-जात होत्या.